डोक्याशी उभे राहून हात पोहोचेल तेवढीच ओटी (ऑपरेशन थिएटर)

निरोगी प्रौढ माणसाला भूल देण्याआधी मास्कने पूर्ण ऑक्सिजन भरून घेतला असेल, तर श्वास थांबल्यावर त्याचे सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण) ९० टक्क्यांच्या खाली यायला सात-आठ मिनिटे लागतात. साध्या हवेवरच भूल दिली असेल तर जेमतेम एक मिनिट. दिवस भरलेली बाई किंवा अतिलठ्ठ माणूस असेल तर पूर्ण ऑक्सिजन भरूनही निम्म्याहून कमी वेळ मिळतो. हिशेब सरळ आहे. शांत श्वास सोडल्यावर फुप्फुसांत सुमारे अडीच लिटर साठा उरतो आणि शरीर मिनिटाला पाव लिटर ऑक्सिजन वापरते. गरोदरपणात साठा कमी होतो आणि खर्च वाढतो. आता याच मिनिटांत श्वासनलिकेत ट्यूब जात नाही, भूलतज्ज्ञ बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचिक काडी) मागतात, सिस्टर कपाट उघडतात, वरचा कप्पा, खालचा कप्पा, मग शेजारच्या खोलीत जातात. अर्धे मिनिट तिथेच संपते. हात कुशल असून उपयोग नाही, हातात वस्तू आली पाहिजे.

कोल्हापुरात ही अडचण जास्त बोचते, कारण राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क या पट्ट्यातल्या बहुतेक नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बाहेरून येतात. सकाळी एका ठिकाणी हर्निया, दुपारी दुसरीकडे सिझर, रात्री तिसरीकडे फ्रॅक्चर. प्रत्येक ओटीत ड्रॉवरचा क्रम वेगळा, सक्शन (तोंडातली उलटी, लाळ ओढणारे यंत्र) वेगळ्या बाजूला, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) कधी ट्रॉलीत तर कधी लेबर रूममध्ये. सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे) मोठ्या सरकारी रुग्णालयात रोज त्याच टेबलावर काम करणारी माणसे असतात, त्यांच्या हाताला सवय होते. नर्सिंग होममध्ये मांडणी करताना गृहीत हेच धरायचे की भूल देणारा माणूस या खोलीत पहिल्यांदा येतोय, रात्रीचे दोन वाजलेत आणि इन्चार्ज सिस्टर सुटीवर आहेत. अशा माणसाला वस्तू सापडली तरच मांडणी बरोबर.

आधी टेप घ्या

ओटी रिकामी असताना टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभे राहा. डावा हात उशीवर ठेवा, जणू मास्क धरलाय. तो हात न उचलता, पाय न हलवता उजवा हात जिथवर जातो ती पहिली रेघ. साधारण ६० सेंटीमीटर येते, उंचीप्रमाणे थोडे कमी-जास्त. डावा हात तिथेच ठेवून एक पाऊल टाकून जिथवर पोहोचता येते ती दुसरी रेघ, मीटरभर. तिसरी रेघ ओटीच्या दारापर्यंत. दाराबाहेरची वस्तू पहिल्या दोन मिनिटांसाठी नाहीच असे समजा.

पहिल्या रेघेच्या आत या गोष्टी हव्यात: सुरू असलेले सक्शन, चालू लॅरिंगोस्कोप (घशात बघायचे दिव्याचे उपकरण) आणि दुसरे हँडल, ट्यूब (ठरलेला साइज आणि त्याहून अर्ध्या नंबरने लहान), बूजी, ओरल एअरवे (जीभ मागे पडू नये म्हणून तोंडात ठेवायची नळी), ट्यूबचा कफ (फुगा) फुगवायला १० मिलीची सिरिंज, मशीनची बॅग आणि ऑक्सिजन फ्लशचे (एकदम जास्त ऑक्सिजन सोडायचे) बटण. दुसऱ्या रेघेत अँबू बॅग, सुप्राग्लॉटिक एअरवे (स्वरयंत्राच्या वर बसणारी श्वासाची नळी) ३ आणि ४ नंबरचे, भरलेल्या सिरिंजचा ट्रे, थ्री-वे (सलाइनच्या लाइनला औषध देण्याचा तिहेरी जोड). क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या सामानाची ढकलगाडी), डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारे यंत्र), व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि गळ्यातून श्वासमार्ग करण्याचे किट तिसऱ्यात चालेल. पण कशाच्याही मागे नको. समोर स्टूल, त्यावर लिनन, त्यामागे डिफिब्रिलेटर, अशी रचना आपल्याकडे फार दिसते.

उजवी बाजू मोकळी

लॅरिंगोस्कोप डाव्या हातात असतो, म्हणून ट्यूब, बूजी, सक्शन सगळे उजव्या हाताने घ्यायचे असते. डोक्याशी उभे राहून पायाकडे तोंड केले की पेशंटची उजवी बाजू ही तुमचीही उजवी बाजू. त्यामुळे पेशंटच्या उजव्या खांद्याजवळ मदतनीसासाठी किमान दोन फूट जागा रिकामी ठेवावी लागते. ट्यूब हातात देणे, स्वरयंत्र बाहेरून दाबणे, ओठाचा कोपरा ओढून धरणे ही सगळी कामे तिथूनच होतात. नेमकी हीच जागा सलाइन स्टँड, कॉटरीचे (विजेने रक्तस्राव थांबवणारे) मशीन किंवा बादली अडवते. सलाइन स्टँड डावीकडे न्या. उजव्या हातालाच लाइन असेल तर स्टँड कमरेच्या पातळीला सरकवा आणि १०० सेंटीमीटरचे एक्स्टेन्शन लावून थ्री-वे उशीजवळ आणा.

सक्शनचे टोक उजव्या बाजूला, गादीखाली खोचून, तोंड बाहेर ठेवून. गादीखाली यासाठी, की ट्रेवर ठेवलेले टोक पहिल्या धक्क्याला खाली पडते आणि मग ते वापरता येत नाही. नळी बाटलीपासून उशीपर्यंत पोहोचून हातभर उरली पाहिजे. ताणलेली नळी उलटी झाल्याक्षणी जोडातून निसटते. तपासायची रीत: नळी चिमटून धरा, गेज दहा सेकंदांत ४०० ते ५०० मिमी पाऱ्यापर्यंत चढला पाहिजे. मग वाटीतले पाणी ओढून बघा. गेज चढतो पण पाणी ओढत नाही, तर टोक तुंबलेय. पाणी ओढते पण गेज चढत नाही, तर बाटलीचे झाकण नीट बसलेले नाही. दहातल्या नऊ वेळा झाकणाचे रबर वाळलेले असते.

इथे एका गोष्टीवर तडजोड करू नका. भूलतज्ज्ञाचे सक्शन वेगळे हवे. सर्जन आणि भूलतज्ज्ञ मिळून एक मशीन आणि वाय-कनेक्टर, ही काटकसर सिझरच्या टेबलावर महागात पडते. सर्जनला गर्भजल ओढायचे असते त्याच वेळी आईला उलटी होते, आणि दोन्ही टोके उघडी असली की दोन्हीकडे ओढ निम्मी. दुसरे मशीन घेणे जमत नसेल तर निदान पायाने चालणारे सक्शन टेबलाखाली डोक्याच्या बाजूला ठेवा. लाइट गेल्यावरही तेच कामाला येते.

मशीन आणि मॉनिटर

बॉईल्स मशीन (भूल देण्याचे यंत्र) डावीकडे की उजवीकडे यावर वाद होतात. पाइपलाइनचे आउटलेट कुठे आहेत त्यावर बरेच ठरते, पण दोन अटी पाळल्या तर दोन्ही बाजू चालतात. एक, मास्क धरलेला हात न सोडता बॅग दाबता आली पाहिजे. दोन, फ्लोमीटर बघताना पेशंटकडे पूर्ण पाठ होता कामा नये. म्हणून मशीन भिंतीला समांतर लावू नका, टेबलाशी ४५ अंशांत तिरके लावा. उजवीकडे लावत असाल तर मदतनीसाच्या जागेच्या मागे, म्हणजे तुमच्या कोपराच्या रेषेत. भिंतीला चिकटवलेले मशीन दिसायला नीटनेटके दिसते. पण त्यात भूलतज्ज्ञ ट्यूब टाकल्यानंतर व्हेंटिलेटर लावायला वळतो, आणि त्याच काळात सर्किटचा (मशीनपासून पेशंटपर्यंतच्या नळ्यांचा) जोड सुटला तर ते त्याला दिसत नाही.

मॉनिटर मशीनच्या डोक्यावर, छताजवळ ठेवायची पद्धत आहे. तिथे तो सर्जनला दिसतो, ट्यूब टाकणाऱ्याला नाही. पेशंटचा चेहरा आणि मॉनिटर एकाच नजरेत यायला हवेत; म्हणजे पेशंटच्या छातीच्या पलीकडे, तुमच्या डोळ्याच्या पातळीला किंवा किंचित खाली. भिंतीवरचा सरकता हात लावता आला तर उत्तम. नाही जमले तर आवाज वापरा. पल्स ऑक्सिमीटरचा सूर सॅच्युरेशनबरोबर उतरतो, तो चालू ठेवला तर मान न वळवता कळते. रात्री वॉर्डात आवाज जातो म्हणून बीप बंद केलेला असतो, तो सकाळी कुणी चालू करत नाही. केस सुरू करण्याआधी स्वतःच्या बोटाला प्रोब लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ऐका.

कॅप्नोग्राफ (सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजून लाटा दाखवणारे यंत्र) असेल तर त्याची सॅम्पलिंग लाइन ट्यूबच्या जोडाशी आधीच जोडून ठेवा. ट्यूब टाकल्यावर शोधायला जाऊ नये. लाटा सलग उमटत नसतील तर ट्यूब अन्ननलिकेत आहे असेच धरायचे, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत. आणि ती लाट दिसण्यासाठी मॉनिटर समोर हवा, म्हणजे गोष्ट पुन्हा जागेवरच येते.

औषधांची ट्रॉली: कुठे काय, आणि कशाच्या शेजारी काय नको

ट्रॉली डाव्या खांद्यामागे, एका पावलावर. ड्रॉवर अल्फाबेटप्रमाणे लावू नका, कंपनीप्रमाणे तर मुळीच नाही. कामाच्या क्रमाने लावा. वरचा ड्रॉवर आणीबाणीचा, दुसरा भुलीच्या औषधांचा, तिसरा स्पायनल आणि ब्लॉकचा (पाठीत किंवा नसेजवळ टोचून बधिर करण्याचा), चौथा ट्यूब-एअरवेचा जादा साठा, खाली सलाइन आणि सेट. दोन ओटी असतील तर दोन्हीकडे हाच क्रम. शहरातल्या चार-पाच नर्सिंग होमनी मिळून एकच क्रम ठरवला तर बाहेरून येणाऱ्या प्रत्येक भूलतज्ज्ञाचे अर्धे काम होईल, आणि त्यासाठी पैसा लागत नाही.

वरच्या ड्रॉवरमध्ये औषधे सुटी ठेवण्यापेक्षा पाकिटे करा. प्रत्येक पाकिटात ॲम्प्यूल, सिरिंज, सुई, पातळ करायला सलाइन आणि लेबल, सगळे एकत्र. कारण आणीबाणीत ॲम्प्यूल सापडतो पण १० मिलीची सिरिंज सापडत नाही. ॲड्रिनॅलिनचे पाकीट असे: १ मिलीचा १ मिग्रॅचा ॲम्प्यूल, १० मिलीची सिरिंज, ९ मिली सलाइन, आणि लेबलवर ‘१०० मायक्रोग्रॅम प्रति मिली’. हृदय थांबले तर ही पूर्ण सिरिंज, दर ३ ते ५ मिनिटांनी. ॲनाफायलॅक्सिस (जिवावर बेतणारी ॲलर्जी) असेल आणि मॉनिटर लावलेला असेल, तर प्रौढाला शिरेतून एकावेळी फक्त अर्धा मिली, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम. सिरिंज तीच असली तरी डोस वीसपट वेगळा आहे, म्हणून दोन्ही आकडे लेबलवरच मोठ्या अक्षरांत छापा. तोंडी सूचनेवर भरवसा नको, गडबडीत ‘अर्धा’ आणि ‘आख्खा’ सारखेच ऐकू येतात.

रोजच्या केसला तयार सिरिंज तीन पुरेत. नाडी वाढवणारे ॲट्रोपिन ०.६ मिग्रॅ. रक्तदाब वाढवणारे मेफेंटरमिन ३० मिग्रॅ १० मिलीत, म्हणजे मिलीला ३ मिग्रॅ. आणि स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन, ज्याला आपण स्कोलिन म्हणतो. स्कोलिन फ्रिजमध्ये राहते आणि फ्रिज बहुधा मेडिकल स्टोअरमध्ये किंवा लेबर रूममध्ये असतो. रोज सकाळी एक कुपी काढून ट्रॉलीत ठेवा, वर काढल्याची तारीख लिहा आणि कंपनीच्या पत्रकात दिलेली मुदत संपली की टाकून द्या. कोल्हापूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद ओटीतली ट्रॉली बरीच तापते, तेव्हा मुदतीच्या कडेपर्यंत ताणू नका. फेंटानिल, मॉर्फिन कुलपातच राहणार, कायदाच तसा आहे. पण किल्ली कुणाकडे आहे हे त्या पाळीच्या फळ्यावर लिहिलेले असावे.

सिरिंजच्या लेबलांना ठरलेले रंग आहेत: भुलीचे औषध पिवळे, स्नायू शिथिल करणारे लाल, मॉर्फिनसारखी वेदनाशामके निळी, रक्तदाब वाढवणारी जांभळी, ॲट्रोपिन हिरवे, जागा बधिर करणारी राखाडी. लेबलचा रोल नसेल तर रंगीत चिकटपट्टीही चालते, पण रंग हेच. रंग हा शेवटचा आधार. वाचायचे असतेच.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. स्पायनलसाठीचे बधिर करणारे हेवी बुपिव्हाकेन आणि रक्तस्राव कमी करणारे ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड यांचे ॲम्प्यूल दिसायला सारखे असू शकतात. सिझरच्या वेळी दोन्ही एकाच ट्रेमध्ये येतात, कारण एक आईच्या पाठीत द्यायचे आणि दुसरे रक्तस्राव झाला तर शिरेत. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड पाठीत गेले तर झटके येतात, हृदयाची लय बिघडते, जीव जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याबद्दल स्वतंत्र इशारा दिला होता. उपाय मांडणीतच आहे. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड भुलीच्या ट्रॉलीत ठेवूच नका. ऑक्सिटोसिनसोबत वेगळ्या डब्यात, खोलीच्या दुसऱ्या बाजूला, सिस्टरच्या टेबलावर. स्पायनलच्या ट्रेमध्ये स्पायनलव्यतिरिक्त एकही ॲम्प्यूल नको. पोटॅशियम क्लोराइडही ओटीच्या ट्रॉलीबाहेर; डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी तर कधीच नाही.

जिथे ब्लॉक दिले जातात, म्हणजे हाडांच्या दवाखान्यांत, तिथे २० टक्के लिपिड इमल्शन हवे. बधिर करणारे औषध रक्तात जाऊन झटके आले किंवा हृदय अडखळले तर किलोला १.५ मिली एकदम, दोन-तीन मिनिटांत. मग किलोला ०.२५ मिली दर मिनिटाला. ६० किलोच्या माणसाला पहिलाच डोस ९० मिली होतो, पुढे मिनिटाला १५ मिली. म्हणजे पहिल्या डोसनंतर २५० मिलीची एक बाटली सुमारे दहा मिनिटांत संपते. किमान ५०० मिली साठा, आणि बाटलीला रबरबँडने बांधलेल्या ५० मिलीच्या दोन सिरिंज. सिरिंज नसल्या तर ९० मिली ड्रिपने जायला फार वेळ लागतो.

क्रॅश कार्टला कुलूप नको

चोरीच्या भीतीने कार्टला कुलूप लावतात आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरच्या पर्समध्ये. त्याऐवजी प्लॅस्टिकचे तुटणारे सील लावा, त्यावर नंबर असतो. सील शाबूत म्हणजे आत सगळे आहे. तुटले म्हणजे त्याच पाळीत भरायचे आणि नवा नंबर वहीत लिहायचा. कार्ट दाराच्या आतल्या बाजूला, चाके कुलूप न लावता, समोरची वाट चौकोन करून पिवळ्या टेपने आखलेली. डिफिब्रिलेटर कार्टवरच, चार्जिंगला लावलेला, जेल सोबत. रोज सकाळी मॅन्युअलप्रमाणे टेस्ट शॉक. वायर कार्टसकट टेबलापर्यंत पोहोचते का तेही बघा. पोहोचत नसेल तर बॅटरीवर किती वेळ चालतो ते मोजून ठेवा.

हृदय थांबल्यावर छाती दाबणारा माणूस कुठे उभा राहणार, हे आधी ठरवा. मिनिटाला १०० ते १२०, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा तर टेबल खाली घ्यावे लागते किंवा दाबणाऱ्याला पायाखाली स्टूल लागते. ओटीत स्टूल असते, पण ते स्क्रबच्या बाजूला. एक लोखंडी पायरी टेबलाखालीच राहू द्या. टेबल उंच-खाली करण्याचा आणि डोके खाली करण्याचा दांडा भूलतज्ज्ञाच्या बाजूला असावा. पेशंटला उलटी झाली तर ‘मामा, डोकं खाली करा’ असे ओरडून मामा (वॉर्डबॉय) पायाच्या बाजूने येईपर्यंत पोटातले फुप्फुसात गेलेले असते. जुन्या हायड्रॉलिक टेबलांचा दांडा काही वेळा पायाकडे असतो. तसे असेल तर केस सुरू होण्याआधी त्या दांड्यावर कोण, हे नाव घेऊन ठरवा.

गळ्यातून श्वासमार्ग करायचे किट छोटे आहे: १० नंबरचे स्काल्पेल, बूजी, ६ नंबरची कफवाली ट्यूब. तिन्ही एका पारदर्शक पिशवीत, भिंतीवर खिळ्याला टांगून, टेबलाच्या डोक्याच्या बाजूला. ड्रॉवरमध्ये ठेवले की ते उघडायला हात धजत नाही. टांगलेले असले की कुणीतरी आठवण करून देते.

ऑक्सिजन, लाइट आणि पुराचे पाणी

अँबू बॅग आणि तिच्यासाठी स्वतंत्र सिलिंडर, ही मशीनपासून वेगळी व्यवस्था असली पाहिजे. मशीनमध्ये काय बिघडले हे नंतर बघता येते. आधी सर्किट काढा, अँबू लावा, वेगळ्या सिलिंडरचा ऑक्सिजन द्या. भरलेल्या बी-टाइप सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर असतो. मिनिटाला १० लिटरने अडीच तास. काटा अर्ध्यावर असेल तर सव्वा तास. सिलिंडरची चावी साखळीने सिलिंडरलाच बांधा. भरलेला सिलिंडर आणि हरवलेली चावी ही जोडी प्रत्येक दवाखान्यात एकदा तरी भेटते.

जनरेटर सुरू व्हायला काही सेकंद लागतात, कधी मिनिट. तेवढ्यात मॉनिटर बंद पडू नये म्हणून त्याची बॅटरी दर आठवड्याला प्लग काढून, घड्याळ लावून तपासा. टॉर्च ट्रॉलीच्या हँडलला बांधलेला. एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर नको: एक तर सलाइन सांडते, दुसरे म्हणजे क्रॅश कार्टचे चाक वायरवर अडते. मशीन, मॉनिटर आणि सिरिंज पंपाच्या वायरी एकत्र बांधून छतातून किंवा भिंतीवरून आणा, आणि भूलतज्ज्ञाच्या बाजूचा सॉकेट कॉटरीला देऊ नका.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शहराच्या सखल भागांत शिरले आणि शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. ज्या दवाखान्यांचा सिलिंडरचा मॅनिफोल्ड (पाइपलाइनला सिलिंडर जोडायची रचना) आणि जनरेटर तळमजल्यावर किंवा बेसमेंटला आहे, त्यांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांना, म्हणजे इशारा पातळीला, पोहोचली की जंबो सिलिंडर वरच्या मजल्यावर हलवावेत. ४३ फूट ही धोका पातळी येईपर्यंत थांबू नये. वर नेलेले सिलिंडर साखळीने भिंतीला बांधूनच ठेवायचे. जिन्यात ठेवले तर स्ट्रेचरची वाट बंद होते.

केस बदलली की मांडणी सरकते

वर सांगितलेले सगळे साध्या पाठीवर झोपलेल्या पेशंटचे. लॅपरोस्कोपीचा टॉवर (दुर्बिणीच्या कॅमेऱ्याचा स्टँड) आला की तो बहुधा ट्रॉलीची जागा खातो. तेव्हा ट्रॉली पायाकडे ढकलू नका, टॉवरच पायाकडे किंवा सर्जनच्या समोर न्या. सी-आर्म (ओटीतले एक्स-रे यंत्र) सर्जनच्या समोरच्या बाजूने येतो. त्याचा मार्ग आधी चालवून बघा, नाहीतर मध्येच मशीन सरकवावे लागते आणि सर्किट ताणते. कान-नाक-घसा आणि डोळ्याच्या केसमध्ये डोके सर्जनकडे जाते आणि भूलतज्ज्ञ कडेला. तेव्हा लांब सर्किट, दोन एक्स्टेन्शन, थ्री-वे चादरीबाहेर, आणि ट्यूबचा प्रत्येक जोड चिकटपट्टीने. चादर टाकल्यावर जोड हाताने चाचपता येतो का, तेही बघा. सिझरला आईला डावीकडे कलवायची उशी आधीच टेबलावर हवी, दोन्ही हात आर्मबोर्डवर. हात शरीराशी बांधले तर लाइन निघाल्याचे कळत नाही.

घड्याळ लावून सराव

महिन्यातून एकदा, केस नसताना, अर्धा तास पुरतो. नवीन सिस्टर किंवा बाहेरून आलेल्या भूलतज्ज्ञांना डोक्याशी उभे करा, डावा हात उशीवर. एकजण वस्तूंची नावे घेईल, दुसरा सेकंद मोजेल. सक्शन, बूजी, ओरल एअरवे: प्रत्येकी ३ सेकंद. अँबू ऑक्सिजनसह: १० सेकंद. ॲड्रिनॅलिनची तयार सिरिंज: ३० सेकंद. डिफिब्रिलेटर टेबलाजवळ, पॅडल हातात: ४५ सेकंद. हे आकडे घालून घेतलेले आहेत, तुमच्या खोलीप्रमाणे बदला. पण एकदा ठरवल्यावर तेच ठेवा. मग मुख्य दिवा बंद करून पुन्हा. अंधारात जी वस्तू सापडत नाही तिची जागा चुकीची आहे, माणसाची चूक शोधत बसू नका. जे चुकले ते त्याच दिवशी हलवा, आणि हलवलेले फळ्यावर लिहा. फक्त तोंडी सांगितलेली नवी जागा ही जुन्या जागेपेक्षा वाईट, कारण अर्धे लोक जुन्या ठिकाणी शोधतात.

मांडणी पक्की झाली की मोबाइलने फोटो काढा: ट्रॉलीचा प्रत्येक ड्रॉवर उघडून, आणि डोक्याच्या बाजूने पूर्ण खोली. लॅमिनेट करून भिंतीवर लावा. जमिनीवर मशीन, ट्रॉली आणि कार्टच्या चाकांच्या खुणा टेपने करा, कारण मांडणी बहुतेक वेळा केसमध्ये बिघडत नाही, फरशी पुसताना बिघडते. रात्रीच्या मावशी सगळे एका बाजूला सरकवून पुसतात आणि जसे सुचेल तसे परत लावतात. त्यांना फोटो दाखवा, टेपचा अर्थ सांगा, आणि अँबूची पिशवी लिननच्या कपाटात ठेवू नका असे नाव घेऊन सांगा.